बिलावर स्प्रिंगचं नाव नसतं

"काही नाही होत भाऊ!"

वऱ्हाडातल्या कुठल्याही गॅरेजात अर्धा तास उभे राहा, हे वाक्य कानावर पडणारच. ब्रेक पॅड आणखी महिनाभर चालवू का? काही नाही होत भाऊ. इंजिनचा लाइट पेटतोय. पेटू दे, काही नाही होत. आणि नव्या हॅचबॅकचा पहिला हप्ता जेमतेम गेलेला एखादा पोरगा विचारतो, "गाडी थोडी खाली बसवली तर पुढं चालून काही लफडं नाही ना?" उत्तर ठरलेलं. काही नाही होत भाऊ, लय मस्त बसते गाडी.

मला आज या वाक्याशी भांडायचंय. गॅरेजवाल्याशी नाही. त्याचं पोट त्यावर आहे, आणि बऱ्याचदा तो प्रामाणिकपणेच बोलत असतो. त्याच्या गॅरेजातून बाहेर पडताना गाडीला खरंच काही झालेलं नसतं. जे व्हायचं ते पुढच्या दोन-तीन वर्षांत होतं, थोडं थोडं होतं आणि दर वेळी वेगळ्या नावानं होतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की गाडी खाली केल्याचा खर्च कधीच त्या नावानं समोर येत नाही. बिलावर टायरचं नाव असतं, शॉकअपचं असतं, बुशचं असतं, चेंबरचं असतं. स्प्रिंगचं नाव नसतं. म्हणूनच ते वाक्य इतकी वर्षं टिकून आहे.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गाडीच्या चाकाच्या वर आणि मडगार्डच्या खाली तीन-चार बोटं मोकळी जागा दिसते. तुम्हाआम्हाला ती दिसतही नाही, पण काही मंडळींना ती दातातल्या फटीसारखी खुपते. मग मूळ स्प्रिंग काढून आखूड आणि जरा कडक स्प्रिंग बसवायची. गाडी ३०-४० मिलिमीटर खाली येते आणि फोटोत खरंच रुबाबदार दिसते, हे मान्य. पैसेवाला असेल तर नावाजलेल्या परदेशी कंपनीचा सेट मागवतो. नसेल तर ग्राइंडर जिंदाबाद! मूळ स्प्रिंगचा एक वेढा कापायचा आणि तीच परत बसवायची. काही थोर लोक तर स्प्रिंग गाडीवरच ठेवून गॅसनं तापवतात, म्हणजे ती आपोआप खाली बसते. स्प्रिंगचं पोलाद ठरावीक तापमानाला पाणी देऊन, चिवट करून तयार केलेलं असतं. ते असं लालबुंद करणं म्हणजे त्याचा स्प्रिंगपणाच काढून घेणं. त्यावर अधिक बोलायला नको.

आता जरा गणित. घाबरू नका, दहावीचंच आहे.

खड्ड्यातून किंवा उंचवट्यावरून जाताना चाक वर उचललं जातं. त्याला वर जायला जी जागा असते तिला आपण 'वाव' म्हणू. समजा, मूळ गाडीत हा वाव ८० मिलिमीटर आहे. गाडी ४० मिलिमीटर खाली केली की उरला ४०, म्हणजे बरोब्बर निम्मा. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा दबण्याच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वाव निम्मा झाला, की तोच धक्का पचवायला स्प्रिंग चौपट कडक लागेल. चौपट! प्रत्यक्षात किती मिळते? स्प्रिंगचा कडकपणा तिच्या मोकळ्या वेढ्यांच्या व्यस्त प्रमाणात असतो. पाचातला एक वेढा कापला तर उरले चार, कडकपणा वाढला २५ टक्के. विकत मिळणारे चांगले सेटही साधारण याच्या आसपास घुटमळतात, कारण चौपट कडक स्प्रिंगवर बसून कुणी शंभर मीटरही गाडी चालवणार नाही.

म्हणजे वाव निम्मा आणि कडकपणा सव्वापट. सव्वा गुणिले एक चतुर्थांश, उत्तर ०.३१. स्प्रिंग पूर्वी जेवढा धक्का पोटात घालायची, त्यातला तिसरा हिस्साही आता घालू शकत नाही. बाकीचा कुठे जातो? हवेत तर विरत नाही ना.

तो आधी जातो बंप स्टॉपवर. शॉकअपच्या दांड्यावर फोमसारखा एक ठोकळा असतो, तो हा. त्याचं काम वर्षात चार-दोन वेळा, एखाद्या भयानक खड्ड्यात, शेवटचा आधार म्हणून उभं राहण्याचं. खाली केलेल्या गाडीत त्याला रोज ड्युटी लागते. काही महिन्यांत त्याचा भुगा होतो. कुणी उघडून बघत नाही, कारण तो धुळीच्या रबरी टोपीखाली लपलेला असतो. तो गेला, की लोखंडावर लोखंड. मग नंबर शॉकअपचा. मूळ शॉकअप मूळ स्प्रिंगसाठी बेतलेला असतो. जास्त कडक स्प्रिंगला आवरायला तो कमी पडतो, त्यात त्याचा दांडा सतत तळाच्या बाजूला काम करतो आणि ठोके खातो. सील जातं, तेल पाझरतं. बिलावर येतं 'शॉकअप जोडी'. गिऱ्हाईक म्हणतं, "हल्लीच्या कंपन्यांचा माल हलका झालाय."

मग वरची स्ट्रट माउंटिंग जाते, स्टिअरिंग वळवताना कटकट आवाज येतो. मग लोअर आर्मचे बुश. यातली गोम फार थोड्यांना ठाऊक असते. बुशचं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं आणि कारखान्यात त्याचा बोल्ट गाडीच्या ठरलेल्या उंचीला आवळतात, म्हणजे गाडी उभी असताना रबराला पीळ नसतो. गाडी खाली केली, की आर्मचा कोन बदलतो आणि रबर कायमचं पिळलेलं राहतं, पार्किंगमध्येसुद्धा. बोल्ट सैल करून, गाडी चाकांवर उभी असताना परत आवळला तर हे टळतं. किती गॅरेजांत हे करतात? मी तरी बघितलेलं नाही. वर्ष-दीड वर्षात बुशला चिरा पडतात. बिलावर 'बुश किट'. गिऱ्हाईक म्हणतं, "आपले रस्तेच भिकार."

आणि सगळ्यात महाग प्रकरण म्हणजे टायर. उंची बदलली की चाकांचे कोन बदलतात. वरून बघितलं तर चाकं किंचित आत किंवा बाहेर वळतात, याला टो म्हणतात. चाक सरळ दिशेपासून फक्त पाव अंश जरी वळलेलं असेल, तर प्रत्येक किलोमीटरमागे टायर साधारण चार मीटर आडवा घासला जातो. अमरावती ते अकोला शंभरेक किलोमीटर धरा. एका खेपेत चारशे मीटरहून जास्त टायर फरफटला! पुढच्या चाकांचा टो अलाइनमेंट करून नीट होतो. मागच्या चाकांचं काय? आपल्या बहुतेक हॅचबॅकना मागे एकसंध आडवा बीम असतो, त्यात टो जुळवायला बोल्टच नसतो. जे आहे ते आहे.

बरं, ही झीज दिसते कुठे? टायरच्या आतल्या काठावर. बाहेरून बघाल तर नक्षी झकास. गाडी खाली, मडगार्ड चाकाला टेकायला आलेलं, त्यामुळे वाकूनही काही दिसत नाही. आतल्या काठाच्या तारा उघड्या पडल्या तरी मालकाला पत्ता नसतो. इथं विषय पैशाचा राहत नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो, डांबर त्याहून कितीतरी तापलेलं असतं. असा टायर घेऊन धामणगावजवळून समृद्धीवर चढायचं, कारसाठी ताशी १२०ची मर्यादा, मागे आईवडील. तिथं टायर फुटला तर "काही नाही होत" म्हणणारा भाऊ जवळपास नसतो.

रोज कोड लिहिणाऱ्यांना हा रोग ओळखीचा वाटेल. एरर दिसते एका मॉड्यूलमध्ये आणि चूक असते तीन थर खाली, सहा महिन्यांपूर्वी कुणीतरी घाईत हार्डकोड केलेल्या एका आकड्यात. ज्यानं तो आकडा लिहिला तो तोवर दुसऱ्या प्रोजेक्टवर गेलेला असतो, शिव्या मात्र सपोर्टवाल्याला. गाडीतही तसंच. स्प्रिंग बसवणारा एक, अलाइनमेंटवाला दुसरा, टायरवाला तिसरा, शॉकअप बदलणारा चौथा. प्रत्येकाला आपापला तुकडा दिसतो. चारही बिलं शेजारी ठेवून कुणी बघत नाही. हापिसात निदान लॉग तरी असतो हो.

गेल्या लग्नसराईत अशाच एका गाडीतून दर्यापूरच्या बाजूला जाणं झालं. गाडीत पाच जण, डिकीत अहेराच्या पिशव्या. वर म्हटलेलं गणित रिकाम्या गाडीचं होतं. माणसं आणि सामान भरलं, की मागचा भाग आणखी बसतो. समजा ३० मिलिमीटर बसला, तर चाळिसातले उरले दहा. करंगळीच्या जाडीपेक्षा कमी! प्रत्येक मोरीवर ठक्क. प्रत्येक ठिगळावर ठक्क. मागे मधोमध बसलेल्या मावशी शेवटी म्हणाल्या, "हळू चालव ना बाप्पा, कंबर गेली माही." चालवणारा चिरंजीव म्हणाला, "मावशी, रोडच तसा आहे." मावशींनी मान डोलावली. सरकार, ठेकेदार, आमदार सगळ्यांचा उद्धार झाला. स्प्रिंगचं नाव तिथंही निघालं नाही.

रस्त्याचा विषय निघालाच आहे तर तोही बोलू, कारण खाली करणाऱ्यांचा आवडता युक्तिवाद तोच आहे. "आता कुठं राहिले खड्डे? आपला हायवे तर वर्ल्ड रेकॉर्डवाला आहे." खरंय. जून २०२२ मध्ये राष्ट्रीय महामार्ग ५३ वर अमरावती ते अकोला या टप्प्यात ७५ किलोमीटर लांबीचा एका लेनचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला. ७२० माणसं रात्रंदिवस राबली. गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारमधला होता, २०१९ सालचा, २५ किलोमीटरच्या आसपासचा. वर्षानुवर्षं रखडलेल्या या रस्त्यावर हाडं खिळखिळी करून घेतलेल्या प्रत्येक वऱ्हाडी माणसाला याचा अभिमान वाटला. मलाही वाटला.

पण भाऊ, तू हायवेवर राहतोस का? हायवेवर चढायच्या आधी तुझी गल्ली आहे. गल्लीत नळाच्या पाइपसाठी खणलेला आणि मुरूम टाकून बुजवलेला चर आहे. चौकात स्पीडब्रेकर आहे. इंडियन रोड काँग्रेसच्या १९८८च्या निर्देशांप्रमाणे स्पीडब्रेकर १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, गोलसर हवा. ३.७ मीटर म्हणजे हॅचबॅकच्या पुढच्या-मागच्या चाकांतल्या अंतराहून जास्त. अख्खी गाडी त्यावर अलगद चढून उतरावी, हा त्यामागचा विचार. आपल्या कॉलनीतला स्पीडब्रेकर आठवा. एक हात रुंद डांबराचा ढीग, कुणाच्या तरी पोराला गाडीचा धक्का लागल्यावर रातोरात घातलेला. त्यावर गाडीचं पोट मधोमध येतं. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिलिमीटर. त्यातून ४० गेले, उरले १२३. पाच माणसं बसली की आणखी कमी. आता दहा सेंटीमीटरचा ढीग ओलांडून दाखवा. चेंबर फुटला तर तेल रस्त्यावर, आणि ऑइल प्रेशरचा लाइट पेटलेला असताना "पुढच्या गॅरेजपर्यंत नेतो" म्हणालात तर इंजिनही जातं.

शिवाय आपली जमीन. कपाशी पिकवणारी ही काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात फिरलेल्यांना हे सांगायला नको. या मातीवर नीट पाया न घेता बांधलेला गावरस्ता दोन पावसाळ्यांत लाटांसारखा होतो. त्यात खड्डा नसतो, डांबर शाबूत असतं, पण गाडी होडीसारखी वरखाली होते. अशा लाटेवर चाकाला लागतो तो वाव. कडक आणि आखूड स्प्रिंग इथं सगळ्यात जास्त आपटते. अकोट घ्या, दर्यापूर घ्या, अंजनगाव घ्या. लग्न, तेरवी, शेतातली पेरणी, कुलदैवत यांपैकी काहीही हायवेच्या कडेला नसतं. मुर्तिजापूरला हायवे सोडला की गिनीज बुकाची हद्द संपते.

आता समोरच्या बाजूचे मुद्दे. टाळणं बरोबर नाही.

पहिला मुद्दा, "जर्मनीत लोक सर्रास लावतात." लावतात. तिथल्या आयबाख, एच अँड आर अशा कंपन्या दर्जेदार स्प्रिंग बनवतात, त्याबद्दल वाद नाही. पण तिथं स्प्रिंगबरोबर तांत्रिक कागद येतो. कोणत्या मॉडेलला, एक्सलवर किती भार असताना, कोणत्या मापाच्या चाकांबरोबर ती चालेल, हे त्यात लिहिलेलं असतं. बसवल्यावर अलाइनमेंट करायचं, हेडलाइटचा झोत परत जुळवायचा, मग टीयूव्हीसारख्या संस्थेकडून तपासून घ्यायचं. आपण त्यांच्याकडून फक्त स्प्रिंग घेतली. कागद, तपासणी आणि ऑटोबान तिकडेच राहिलं. आपल्याकडे तर खोक्याबरोबर पावती मिळेल याचीही खात्री नाही.

दुसरा मुद्दा, "हँडलिंग सुधारतं." थोडं सुधारतं, गुळगुळीत रस्त्यावर. गुरुत्वमध्य खाली येतो, गाडी वळणावर कमी झुकते. कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर मी याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही. पण पुढच्या मॅकफर्सन स्ट्रटमध्ये एक गडबड आहे. गाडी खाली केली, की जिच्याभोवती ती झुकते ती रेषा गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली जाते, म्हणून झुकवणारा जोर उलट वाढतो. कडक स्प्रिंगनं जे कमावलं त्यातलं बरंच असं परत जातं. आणि वळणावर बाहेरचं चाक बंप स्टॉपला टेकलं, की त्या चाकाचा कडकपणा एकदम वाढतो आणि पकड एकदम सुटते. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना वळणात एखादा उंचवटा आला तर हे कळेल, पण तिथं कळून घेण्यासारखी ही गोष्ट नव्हे. खराब रस्त्यावर खरोखर वेगानं चालवणारे कोण? कच्च्या रस्त्यावरच्या रॅलीवाले. त्यांच्या गाड्या बघा. उंच असतात आणि चाकांना भरपूर वाव असतो. जगातले सर्वांत वेगवान ड्रायव्हर धुळीत उतरताना गाडी वर करतात आणि आम्ही खाली करतो!

तिसरा मुद्दा, "माझ्या मित्राच्या गाडीला तीन वर्षं झाली, काही झालं नाही." त्या मित्राला विचारा, तीन वर्षांत टायर किती वेळा बदलले? शॉकअप? बुश? स्पीडब्रेकर आला की तो गाडी तिरपी करून, मागच्या सगळ्यांचे हॉर्न खात, गोगलगायीसारखा चढवतो की नाही? डिकीत सामान ठेवू देतो का? सवय झाली की त्रास हा त्रास वाटेनासा होतो, एवढंच.

चौथा मुद्दा, "माझी गाडी, माझे पैसे, माझी हौस." हा मुद्दा मला सगळ्यात जास्त पटतो आणि तरीही मी तो मानत नाही. हौस तुझी आहे, मान्य. पण मागच्या सीटवर तू बसत नाहीस. तिथं आई असते, तिथं लेकरू असतं. त्यांनी स्प्रिंग निवडलेली नाही. समोरून दुचाकीवर येणाऱ्यानं तुझा आतून झिजलेला टायर निवडलेला नाही. आणि सगळ्यात मोठा गुपचूप बकरा म्हणजे पुढचा मालक. गाडी विकायची वेळ आली, की माळ्यावर ठेवलेल्या मूळ स्प्रिंग खाली येतात, अर्ध्या दिवसात परत बसतात आणि जाहिरात लागते, 'सिंगल ओनर, कंपनी कंडिशन'. पिळलेले बुश, ठोकलेल्या माउंटिंग, घासलेले बॉल जॉईंट हे सगळं तसंच असतं. आयुष्यातली पहिली गाडी घेणारा एखादा शिक्षक, एखादा मेडिकलवाला ते विकत घेतो आणि वर्षभर गॅरेजच्या फेऱ्या मारत स्वतःच्या नशिबाला दोष देतो.

कायद्याचंही सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या मनमानी बदलांना मनाई करतं. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की उत्पादकानं ठरवलेल्या मूळ तपशिलांत फेरफार चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. दुकानदार म्हणेल, आरसीवर उंचीचा रकानाच नाही, मग कसला फेरफार? हा वाद कोर्टात रंगेल कदाचित. पण तुम्हाला तो घालायचाय अपघातानंतर इन्शुरन्सच्या सर्व्हेअरशी, आणि त्याच्या हातात तेव्हा कापलेल्या स्प्रिंगचा फोटो असेल. दुकानदार तुमच्या बाजूनं बोलायला येणार आहे का?

मग हौसेचं काय करायचं? तर मंडळी, गाडी नीट चालावी ही हौस असेल तर त्याच पैशात चांगले टायर घ्या, दर पंधरा दिवसांनी हवा तपासा, सहा महिन्यांनी अलाइनमेंट करा आणि शॉकअप दमले असतील तर वेळेवर बदला. नव्वद टक्के गाड्या याच चार गोष्टींवाचून वाईट चालतात. (हा नव्वदचा आकडा माझ्या चिडचिडीतून आलेला आहे, संशोधनातून नाही. :-))

गाडी आधीच खाली केली असेल, तर या वीकांताला दोन तास काढा. स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या टायरचा आतला काठ बघा. मागच्या टायरच्या आतल्या काठाला गाडी थंड असताना जपून हात लावा. तारा निघाल्या असतील तर हाताला लागतील. धुळीची टोपी वर करून बंप स्टॉप शिल्लक आहे का ते पाहा. आर्मचे बोल्ट गाडी चाकांवर असताना परत आवळून घ्या. हेडलाइटचा झोत तपासा. आणि स्प्रिंग कापलेली असेल तर यातलं काहीही करू नका, ती काढून मूळ मापाची नवी बसवा. कापलेल्या टोकाला नीट बैठक नसते. चाक खड्ड्यावरून हवेत लोंबलं, की ती जागेवरून सरकू शकते.

आणि अजून खाली केली नसेल, पण मन करत असेल, तर एक सोपी चाचणी सुचवतो. गॅरेजवाला "काही नाही होत भाऊ" म्हणाला, की त्याला म्हणा, मग तेवढं बिलावर लिहून दे. 'लोअरिंग स्प्रिंग बसवल्या, दोन वर्षांत टायर, शॉकअप, बुश, चेंबर यांना काही झाल्यास जबाबदारी आमची,' खाली सही आणि शिक्का. त्यानं लिहून दिलं तर बेलाशक बसवा. निदान एका तरी बिलावर स्प्रिंगचं नाव येईल.